आमवाताचे संशोधन आणि समाजाची वर्गणी

काही रोगांची समाजाला धास्ती वाटते, काहींची लाज वाटते आणि काहींची नुसती सवय होऊन जाते. आमवात हा या तिसऱ्या वर्गातला रोग. मालवण, देवबाग, सर्जेकोट, आचरे या किनारपट्टीवर मासळी निवडणाऱ्या, खारवणाऱ्या अथवा बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या एखाद्या बाईची बोटे सकाळी उठल्यावर तासभर वळेनाशी झाली, मनगटे सुजली, तर घरात कोणी दचकत नाही. 'वात धरला' एवढ्या दोन शब्दांत निदान आटोपते. तेल चोळले जाते, औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणली जाते आणि काम पुढे चालू राहते. वर्षा-दोन वर्षांनी बोटे वाकडी होतात, कोयती धरवत नाही, आणि मग ती बाई कामातून उठते. तिच्या कमाईवर चालणाऱ्या घराचा हिशेब त्या दिवशी बदलतो. पण राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात त्याची नोंद होत नाही.

या रोगाला आधुनिक वैद्यकात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. आयुर्वेदात वर्णिलेल्या आमवाताची लक्षणे त्याच्याशी बरीच जुळत असल्याने मराठीत तेच नाव रूढ झाले आहे. उतारवयात सांधे झिजून होणारा संधिवात वेगळा आणि हा वेगळा. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीराने उभारलेली प्रतिकारयंत्रणा येथे स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सांध्याच्या आतील अस्तर सुजते आणि हळूहळू कूर्चा व हाड पोखरले जाते. बालवयात जडणारा पहिल्या प्रकारचा मधुमेह, ल्यूपस, अंगावरचे पांढरे कोड ही याच कुळातील व्याधींची उदाहरणे. आमवात पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांना दोन ते तीन पट अधिक होतो, आणि तो बहुधा ऐन कर्तेपणाच्या वयात सुरू होतो. तो समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. तथापि पहिल्या काही महिन्यांतच योग्य उपचार सुरू झाल्यास हातपाय वाचवता येतात, हे आता निर्विवाद आहे. म्हणजे आजचा प्रश्न दुहेरी आहे: जे ज्ञान उपलब्ध आहे ते आचऱ्याच्या बाईपर्यंत कसे पोहोचावे, आणि जे अद्याप उपलब्ध नाही ते शोधण्याचा खर्च कोणी करावा? पहिल्या प्रश्नाची चर्चा अधूनमधून होते. दुसरा मात्र शास्त्रज्ञांचा म्हणून सोडून दिला जातो. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा आणि लोकव्यवहाराचा प्रश्न आहे.

बाजार कोठे थांबतो

ज्ञान ही विलक्षण वस्तू आहे. एकाने ते वापरले म्हणून दुसऱ्यासाठी ते उरत नाही असे होत नाही, आणि एकदा प्रकट झाल्यावर पैसे न देणाऱ्याला त्यापासून दूर ठेवणेही कठीण. अशा वस्तूच्या निर्मितीत बाजार अपुरा पडतो, हा अर्थशास्त्रातला प्राथमिक सिद्धांत होय. ही उणीव भरून काढण्यासाठी पेटंटची योजना झाली: संशोधकाला काही वर्षांची मक्तेदारी द्यावी, म्हणजे त्याचा खर्च वसूल होईल. पण या योजनेलाही एक मोठे भोक आहे. ज्या औषधाचे पेटंट संपले आहे किंवा कधी नव्हतेच, त्या औषधाचा नवा उपयोग शोधण्यात कोणत्याही कंपनीला स्वारस्य नसते. कारण चाचणीचा खर्च तिने करायचा आणि लाभ सर्वांनी घ्यायचा.

आमवातावर आज मुख्य आधार असलेल्या मेथोट्रेक्झेट या औषधाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. फॉलिक आम्लाच्या कार्यात अडथळा आणणारी ही औषधे १९४० च्या दशकात अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत तयार झाली. त्या चमूचे नेतृत्व आंध्रातून गेलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव करीत होते. त्याच वर्गातील ॲमिनोप्टेरिन हे औषध १९४८ साली बालकांच्या रक्तकर्करोगावर उपयोगी पडल्याचे प्रसिद्ध झाले, आणि आमवातावर त्याचा गुण येतो असा पहिला अहवाल १९५१ साली आला. परंतु मेथोट्रेक्झेटला आमवातासाठी अमेरिकी औषध प्रशासनाची रीतसर मान्यता मिळण्यास १९८८ साल उजाडले. या सदतीस वर्षांच्या विलंबाला कारणे अनेक होती. औषधाच्या विषारीपणाची भीती होती, त्या काळी कॉर्टिझोनचा दबदबा होता. आणि जुन्या, स्वस्त गोळीची नव्या रोगावर परीक्षा घेण्यात कोणाचा मोठा नफाही नव्हता. आठवड्यातून एकदा घ्यावयाची ती गोळी आज भारतात अत्यल्प किमतीत मिळते. ती जर वीस वर्षे आधी मान्य झाली असती, तर जगभरातील किती हातांची बोटे सरळ राहिली असती, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

मग हा खर्च शासनाने करावा, असे उत्तर स्वाभाविकपणे सुचते. ते तत्त्वतः बरोबरही आहे. पण २०२०-२१ साली भारताचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के इतकाच होता. या तुटपुंज्या निधीतून अणुऊर्जा, अवकाश, संरक्षण आणि शेती यांचा वाटा गेल्यावर वैद्यकाच्या पदरी काय पडणार? शिवाय शासकीय निधीची एक अंगभूत मर्यादा आहे. तो लेखापरीक्षणाला बांधलेला असतो. जी कल्पना अजून सिद्ध झालेली नाही, जिच्यावर ज्येष्ठ मंडळी मान हलवतात, तिच्यावर करदात्यांचा पैसा लावायला अधिकारी सहसा धजत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही. बाजाराला नफा दिसत नाही, शासनाला धोका पेलवत नाही. या दोहोंमधील मोकळ्या जागेत धर्मादाय निधीचे खरे कार्य आहे.

लंडनमधील एक धडा

या विधानाला आमवाताच्याच इतिहासात उत्तम पुरावा सापडतो. १९६५ साली मॅथिल्डा आणि टेरेन्स केनेडी या दांपत्याच्या देणगीतून लंडनमध्ये केनेडी संस्था स्थापन झाली. संधिवाताच्या संशोधनाला वाहिलेल्या या संस्थेला पुढे संधिवातविषयक एका लोकनिधीचे, म्हणजे सामान्य नागरिकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेचे, दीर्घकाळ साहाय्य मिळाले. तेथे मार्क फेल्डमन आणि पंजाबात जन्मलेले रविंदर मैनी या दोघांनी एक कल्पना मांडली. आमवाती सांध्यात दाह वाढवणारी अनेक प्रथिने असतात. त्यांपैकी टीएनएफ नावाचे एकच प्रथिन अडवले, तर बाकीची साखळीही मंदावते, असे त्यांना १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रयोगशाळेत आढळले. इतक्या गुंतागुंतीच्या रोगात एकच प्रथिन अडवून काय होणार, अशी शंका तेव्हा सर्वत्र होती. १९९२ साली चेअरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या वीस रुग्णांवर औषध वापरण्यात आले आणि परिणाम स्पष्ट दिसला. १९९८-९९ मध्ये या वर्गातील औषधांना आमवातासाठी मान्यता मिळाली. २००३ साली दोघा संशोधकांना लास्कर पारितोषिक देण्यात आले.

येथवरची कथा उत्साहवर्धक आहे. पुढचा भाग मात्र विचार करायला लावतो. लोकवर्गणीच्या आधाराने उगवलेल्या या कल्पनेचे पीक पुढे प्रामुख्याने औषध कंपन्यांच्या कोठारात गेले. याच वर्गातील ॲडॅलिम्युमॅब हे औषध २००२ साली मान्य झाले आणि पुढे अनेक वर्षे जगातील सर्वाधिक खपाच्या औषधांत गणले गेले. २०२२ या एका वर्षात त्याची विक्री २१ अब्ज डॉलरांहून अधिक होती. भारतातील सामान्य रुग्णाला ते स्वप्नातही परवडण्याजोगे नव्हते. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कंपनीने त्याची जगातील पहिली समरूप आवृत्ती सुमारे एक-पंचमांश किमतीत आणली, तेव्हा कोठे दार किलकिले झाले. तरीही कायम घ्यावे लागणारे असे इंजेक्शन शिक्षकाच्या वा कारकुनाच्या पगारातून चालवणे सोपे नाही. मासळीच्या पाटीवर तर ते अशक्यच.

केनेडी संस्थेच्या न्यासाला या शोधाच्या स्वामित्वधनाचा वाटा मिळाला आणि तो पुन्हा संधिवाताच्या संशोधनाकडे वळवण्यात आला, ही जमेची बाजू नमूद केली पाहिजे. तात्पर्य इतकेच की, धर्मादाय निधीने केवळ पैसा देऊन थांबू नये. शोध लागल्यानंतर त्याची किंमत काय राहील, गरीब देशांना तो कोणत्या अटींवर मिळेल, हे देणगीच्या करारातच लिहून घेतले पाहिजे. पेरणीच्या वेळी ज्याने वाट्याची अट घातली नाही, त्याला कापणीच्या वेळी बांधावर उभे राहावे लागते.

महाराष्ट्राची परंपरा

हे सारे परदेशातील झाले, आपल्याकडे असे काही घडत नाही, असा समज करून घेण्याचे कारण नाही. रक्तकर्करोगाने १९३१ साली पत्नी मेहेरबाई यांचे निधन झाल्यावर सर दोराबजी टाटा यांनी १९३२ साली लेडी टाटा स्मृती न्यास स्थापन केला. त्याच्या उत्पन्नाचा चार-पंचमांश भाग जगात कोठेही चालणाऱ्या रक्तकर्करोगाच्या संशोधनासाठी आणि एक-पंचमांश भाग भारतातील संशोधनासाठी, अशी त्याची वाटणी ठरली. मुंबईतल्या एका व्यापाऱ्याच्या पैशाने युरोपातील प्रयोगशाळांत संशोधन व्हावे, हे त्या काळी किती विलक्षण वाटले असेल! पण दोराबजींना ज्ञानाच्या सार्वजनिकतेचे मर्म उमगले होते. दुसऱ्या एका टाटा न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. १९५७ साली ते केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेले. न्यासाने आरंभ करावा, जोखीम पत्करावी आणि सिद्ध झालेली गोष्ट शासनाने पुढे चालवावी, असा हा नमुना. मुंबईतील कर्करोग संशोधनाचा पाया घालणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे स्थान अग्रगण्य. वेंगुर्ल्याजवळची खानोली त्यांच्या आडनावातच आहे.

मालवणला तर ही परंपरा परकी नाहीच. टोपीवाला हे नाव मालवणात हायस्कुलावर आहे आणि मुंबईत नायर रुग्णालयाला जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयावरही आहे. ते महाविद्यालय १९२१ साली असहकाराच्या चळवळीतून राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणून जन्मले. वेंगुर्ल्यात अमेरिकन मिशनच्या डॉ. गोहीन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुग्णालय चालवले. त्यांचे तेथेच १९१९ साली जन्मलेले पुत्र रॉबर्ट गोहीन पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचे भारतातील राजदूत झाले. म्हणजे शाळा, महाविद्यालय, रुग्णालय यांसाठी देणगी मागणे आणि देणे कोकणाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते संशोधनासाठी देणे. इमारतीवर नाव कोरता येते. अनुत्तरित प्रश्नावर नाव कोरता येत नाही.

संशोधन म्हणजे कोट्यवधींची यंत्रे, हाही एक गैरसमज. रायगड जिल्ह्यातील महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचा ध्यास घेतला. रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध विंचवाच्या विषाने हृदयावर होणाऱ्या आघातावर गुणकारी ठरते, हे त्यांनी रुग्णामागून रुग्ण तपासून दाखवले आणि १९८६ साली ते लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केले. गंभीर रुग्णांतील चाळीस टक्क्यांच्या घरातले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या अनुभवात एक-दोन टक्क्यांपर्यंत खाली आले. कोणतीही औषध कंपनी कोकणातल्या लाल विंचवासाठी हा खटाटोप करणार नव्हती. लागले ते औषध स्वस्त, आणि लागली ती चिकाटी.

आमवाताच्या क्षेत्रात पुण्याच्या संधिवात केंद्राने, डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकाराने, १९९६ साली इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे केलेली पाहणी याच जातीची होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने आखलेल्या कॉपकॉर्ड कार्यक्रमाखाली गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून घरोघर चौकशी करण्यात आली. चार हजारांहून अधिक प्रौढांच्या या पाहणीत सुमारे अठरा टक्के लोकांना सांध्यांची वा स्नायूंची दुखणी आढळली आणि आमवाताचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाले. त्याच केंद्राचा सहभाग असलेल्या आणि शासकीय योजनेखाली झालेल्या एका चाचणीत प्रमाणित आयुर्वेदिक औषधयोगाची हायड्रॉक्सिक्लोरोक्विनशी तुलना करण्यात आली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोहोंचा गुण जवळपास सारखा आढळला. आयुर्वेदाचा नुसता अभिमान बाळगणे आणि त्याची नुसती टिंगल करणे या दोन्ही गोष्टी फुकट होतात. कसोटीला लावणे मात्र खर्चाचे असते, आणि तेच करण्याजोगे आहे.

आक्षेप आणि त्यांचे वजन

धर्मादाय निधीच्या या पुरस्कारावर तीन गंभीर आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, त्यामुळे शासन आपल्या जबाबदारीतून सुटते. हा धोका खरा आहे. २०२३ साली स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानसाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्यांतील सुमारे ३६,००० कोटी उद्योग, देणगीदार आदी बिगरसरकारी स्रोतांतून यावेत अशी अपेक्षा धरण्यात आली. एकीकडे अशी अपेक्षा बाळगायची आणि दुसरीकडे संशोधनासाठीच्या देणगीवरील उत्तेजन काढून घ्यायचे, यात विसंगती आहे. मान्यताप्राप्त संशोधन संस्थांना दिलेल्या देणगीवर व्यवसायांना आयकरात पावणेदोन पट वजावट मिळत असे. २०१६ च्या वित्त अधिनियमाने ती एप्रिल २०१७ पासून दीडपट आणि एप्रिल २०२० पासून केवळ देणगीइतकी केली. करसवलती आटोपत्या घेण्याच्या व्यापक धोरणाचा तो भाग होता हे मान्य केले, तरी वाढत्या अपेक्षेशी त्याचा मेळ कसा घालायचा हा प्रश्न उरतोच.

दुसरा आक्षेप देणगीदाराच्या लहरीचा. क्रायस्लर मोटार कंपनीचे प्रमुख ली आयकोका यांच्या पत्नीचे १९८३ साली पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या गुंतागुंतीतून निधन झाले. त्यांनी १९८४ साली एक प्रतिष्ठान काढले. बोस्टनच्या डॉ. डेनिस फाउस्टमन यांच्या संशोधनाला त्या प्रतिष्ठानाने आधार दिला. भारतात जन्मतःच बालकाला टोचली जाणारी क्षयावरील जुनी बीसीजी लस या मधुमेहावर उपयोगी पडेल काय, असा त्यांचा प्रश्न. लस जुनी, स्वस्त, पेटंटविरहित. कंपन्यांना त्यात रस नसणे साहजिक. मोजक्या रुग्णांवरील दीर्घ पाठपुराव्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले आणि ते आशादायक म्हणून गाजले. पण त्यांवर तज्ज्ञांनी शंकाही घेतल्या आणि मोठ्या, स्वतंत्र चाचण्यांचा शिक्कामोर्तब अद्याप झालेला नाही. येथे कोणी असे म्हणेल की, एका श्रीमंताच्या दुःखाने संशोधनाची दिशा ठरावी काय? उत्तर असे की, एकट्या त्याच दुःखाने ठरू नये, पण ठरूच नये असेही नाही. निष्फळ ठरलेला प्रयोगदेखील, तो प्रामाणिकपणे प्रसिद्ध केला तर, ज्ञानात भर घालतो. दोष अपयशात नसून ते दडवण्यात असतो.

एकाच धनिकाची लहर टाळण्याचा उपाय म्हणजे देणगीदार पुष्कळ असणे. अमेरिकेत १९३८ साली पोलिओसाठी स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाने दहा-दहा सेंटांची नाणी गोळा केली. त्या चिल्लरीतून डॉ. साल्क यांचे संशोधन पोसले गेले, १९५४ साली सुमारे अठरा लक्ष बालकांचा सहभाग असलेली चाचणी झाली आणि एप्रिल १९५५ मध्ये लस यशस्वी ठरल्याचे जाहीर झाले. पहिल्या प्रकारच्या मधुमेहासाठीही १९७० साली रुग्ण बालकांच्या पालकांनीच एक संस्था उभारली; तिने पोसलेल्या संशोधनाचा हातभार लागलेले, हा रोग काही काळ लांबवणारे पहिले औषध नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ज्याचे जळते त्यालाच कळते हे खरे. पण येथे ज्यांना कळले त्यांनी संघटित होऊन प्रश्नाला उत्तर शोधले.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा. ज्या जिल्ह्यात साध्या उपचारांची वानवा, तेथे संशोधनाच्या गोष्टी कशाला? गोवा शासनाने १ जानेवारी २०१८ पासून परराज्यातील रुग्णांना बांबोळीच्या रुग्णालयात शुल्क लागू केले, तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलने झाली. कारण या जिल्ह्याचा रुग्ण वर्षानुवर्षे त्या रुग्णालयावर विसंबून होता. आधी डॉक्टर द्या, मग प्रयोगशाळेचे बोला, हा युक्तिवाद भावनेला पटतो. पण तो उपचार आणि संशोधन यांना एकमेकांचे वैरी मानतो. भिगवणच्या पाहणीचा अनुभव उलटा आहे. घरोघर चौकशी झाली म्हणजे रुग्ण सापडतात. रुग्ण सापडले म्हणजे उपचार सुरू होतात. मागास भागात चांगले संशोधन हेच पुष्कळदा उपचाराचे पहिले पाऊल ठरते.

सिंधुदुर्गात काय करता येईल

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ८,४९,६५१ होती आणि दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. पुरुष नोकरीसाठी मुंबईला आणि स्त्रिया गावी, या जुन्या व्यवस्थेची ती खूण. भिगवणचे प्रमाण कोकणाला सरसकट लावणे शास्त्रशुद्ध होणार नाही. परंतु केवळ अंदाजापुरते सहा लाख प्रौढ धरून ते लावले, तर आमवाताचे तीन हजार रुग्ण या जिल्ह्यात असावेत. ते कोठे आहेत, किती जणांचे वेळेत निदान झाले, किती जण नुसत्या वेदनाशामक गोळ्यांवर दिवस काढीत आहेत, दमट हवेचा, पाण्यात भिजत्या कामाचा, आहाराचा, २००६ पासून महाराष्ट्रात पुन्हा फैलावलेल्या चिकुनगुन्याच्या सांधेदुखीचा त्याच्याशी काय संबंध आहे, हे सारे शोधण्याजोगे प्रश्न आहेत. त्यांसाठी लंडनच्या प्रयोगशाळेची गरज नाही. शिकवलेले स्वयंसेवक, नीट ठेवलेली नोंदवही, रक्ततपासणीची सोय आणि एखाद्या तज्ज्ञाची देखरेख एवढे पुरे. सिंधुदुर्गनगरीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांना याहून चांगला पाठ कोणता मिळेल?

पैशाचा हिशेबही अवघड नाही. जिल्ह्यात सातशेहून अधिक गावे आहेत, आणि मुंबईत गावागावांची मंडळे आहेत. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, जत्रेचा मंडप यांसाठी चाकरमानी हात आखडता घेत नाही. सातशे गावांच्या मंडळांनी प्रत्येकी वर्षाला दहा हजार रुपये बाजूला काढले, तर सत्तर लाख रुपये जमतात. या रकमेत नवे औषध निर्माण होणार नाही, हे उघड आहे. पण जिल्ह्यातील रुग्णांची नोंदणी, लवकर निदानाची व्यवस्था आणि स्वस्त, जुन्या औषधांचा आपल्या हवामानात व आपल्या रुग्णांवर काय गुण येतो याची पद्धतशीर पाहणी, इतके निश्चित होईल.

मात्र असा निधी उभारताना चार अटी आरंभीच घालाव्यात. प्रकल्पाची निवड देणगीदारांनी न करता जिल्ह्याबाहेरच्या तज्ज्ञांनी करावी. निष्कर्ष अनुकूल असोत वा प्रतिकूल, ते प्रसिद्ध करणे बंधनकारक असावे. शोधातून काही उत्पादन निघालेच, तर ते या देशातील गरीब रुग्णाला परवडेल अशा किमतीची हमी करारात असावी. आणि निधीच्या विश्वस्तांत निदान एक तरी प्रत्यक्ष रुग्ण असावा. कारण सकाळचा तो आखडलेला तास किती लांब असतो, हे त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही. या अटींवाचून उभा राहिलेला निधी एक तर नामफलकांची दुकानदारी होईल, नाही तर 'हमखास गुण'वाल्या भोंदूंच्या हाती पडेल.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते, तेव्हा दोराला पुष्कळ हात लागतात. जाळ्यात काय येणार हे समुद्रात जाळे टाकताना कोणालाच ठाऊक नसते. एखाद्या दिवशी ते रिकामेही येते. म्हणून रापणकर दोर सोडत नाहीत, आणि मासळी आली की तिचे वाटे होतात. संशोधनाचा व्यवहार याहून फारसा निराळा नाही. अनिश्चिततेची जोखीम अनेकांनी थोडी थोडी उचलायची आणि फळाचा वाटा सर्वांना द्यायचा, हे तत्त्व या किनाऱ्याला कोणा परक्या तज्ज्ञाने शिकवण्याची गरज नाही. शासनाने आपला भार उचललाच पाहिजे, आणि त्यासाठी आग्रह धरण्याचे काम सुशिक्षितांचे आहे. पण शासन येईपर्यंत दोर वाळूत पडू देणे शहाणपणाचे नाही. ज्या बायांची बोटे आज वळेनाशी होऊ लागली आहेत, त्यांच्यापाशी वाट पाहण्याइतका अवधी नाही.